गोणीभर चुना घेण्याआधी अर्धा किलो माती तपासा

अलिबाग, पेण, मुरूड किंवा उरणजवळ तुम्ही प्लॉट घेतला आहे. किंवा आजोबांची वाडी आता तुमच्याकडे आली आहे. लावलेली झाडं पिवळी पडतात, जास्वंद वाढत नाही, वांगी खुरटतात. शेजारी सांगतो, ‘कोकणातली माती आंबट, चुना टाका.’ नर्सरीवाला तेच सांगून चुन्याचं पाकीट पुढे करतो. थांबा. आधी माती तपासा, मग पाकीट घ्या. उलटा क्रम महागात पडतो.

जांभ्यावरची लाल माती आम्लधर्मी असते हे खरं. दरवर्षीचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तिच्यातला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. पण घराजवळची, रस्त्यालगतची, भरावाची माती मूळची राहिलेली नसते. बांधकाम तिला एका बाजूला ओढतं, रासायनिक खत दुसऱ्या बाजूला, आणि खाडीचं पाणी भलतीकडेच. तुमच्या आवारात यातलं काय झालं आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि औषध प्रत्येकाचं वेगळं.

माझ्या मावशीचं घर पेणजवळ आहे. कुंपणाच्या भिंतीलगतची झाडं तीन वर्षं पिवळी होती. तिने दोन वेळा चुना टाकला, दोन्ही वेळा झाडं आणखी पिवळी झाली. मग आम्ही दोन नमुने दिले: एक भिंतीपासून दोन फुटांवरचा, दुसरा मागच्या जुन्या वाडीतला. भिंतीजवळचा सामू ८.२ आला, वाडीतला ५.६. मधलं अंतर चाळीस पावलांचं. भिंतीलगत खणलं तेव्हा वीतभर खाली सिमेंटचे गोळे, गिलाव्याचे पोपडे आणि विटांचे तुकडे निघाले. गवंडी गेले, राडारोडा मातीखाली राहिला. चुन्याची गरज असलीच तर मागच्या वाडीला होती, आणि तो गेला पुढे.

सामू म्हणजे पीएच. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्क. एका अंकाचा फरक दहापट असतो, म्हणून ५.६ आणि ६.६ यांना जवळचे आकडे समजू नका. बहुतेक भाजीपाल्याला ६ ते ७.५ चालतो. नारळ दोन्ही बाजूंना बराच सोशिक आहे. कांदा आणि वाल यांना फार आम्ल जमीन मानवत नाही.

माती कुठे द्यायची, किती पैसे लागतात

पहिलं दार तालुका कृषी अधिकारी कार्यालयाचं. नमुना तिथे किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकांकडे, द्या. तो जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत जातो. केंद्राची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली. तिच्यात शेतकऱ्याला पत्रिका मोफत मिळते आणि तिच्यावर बारा गोष्टी असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म मूलद्रव्यं. पण योजनेतले नमुने ठरलेल्या गावांतून, ठरलेल्या चौकटीप्रमाणे घेतले जातात. बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे पत्रिकेवरचा आकडा शेजाऱ्याच्या शेतातल्या मातीचाही असू शकतो. पत्रिका घरात असली तरी तुमच्या जागेचा स्वतंत्र नमुना द्या.

स्वतःहून नमुना दिलात तर शुल्क लागतं. सरकारी प्रयोगशाळेत सर्वसाधारण तपासणीचा दर वर्षानुवर्षं ३५ रुपये राहिला आहे, सूक्ष्म मूलद्रव्यांचा २०० आणि पाण्याच्या नमुन्याचा ५०. दर बदलतात, म्हणून भरण्याआधी दरपत्रक बघायला मागा आणि पावती घ्या. पहिल्या वेळेला सर्वसाधारण तपासणी पुरते. सामू आणि विद्युत वाहकता हे दोन आकडे हातात आल्याशिवाय सूक्ष्म मूलद्रव्यांवर पैसे घालू नका, कारण सामू चुकलेला असेल तर मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही.

दुसरं दार कृषी विद्यापीठाचं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला इथे आहे, खारजमीन संशोधन केंद्र पनवेलला आणि सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनला. खाडीलगतची जमीन असेल तर पनवेलला विचारा, सुपारीची वाडी असेल तर श्रीवर्धनला. निघण्याआधी फोन करून नमुने कोणत्या दिवशी घेतात ते विचारा.

तिसरं दार खासगी प्रयोगशाळेचं. प्रत्येक घटकाचा दर वेगळा असतो आणि ‘संपूर्ण पॅकेज’ साधारण पाचशे ते दीड हजाराच्या घरात जातं. फक्त सामू आणि वाहकता करून द्या म्हणा, बहुतेक जण देतात. नमुना घरी येऊन नेण्याचे, कुरिअरचे आणि ‘सल्ला अहवाला’चे पैसे वेगळे आहेत का, हे आधीच विचारा. आणि फुकट माती तपासणारा माणूस दारात आला, तर त्याच्या पिशवीत विकायला काय आहे ते बघा. तपासणारा आणि विकणारा एकच असेल तर अहवालात औषधाची गरज निघणारच.

कागद कोणते? सरकारी ठिकाणी सातबारा, आधार कार्ड आणि मोबाइल नंबर. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. त्याचे शंभर-दोनशे घेणारा एजंट लागत नाही. गावठाणातलं घर किंवा बिगरशेती प्लॉट असेल तर मालमत्ता पत्रक किंवा घरपट्टीची पावती सोबत ठेवा. खासगी प्रयोगशाळेला यातलं काहीच लागत नाही.

वेळ: दोन ते चार आठवडे धरून चाला. एप्रिल-मेमध्ये गर्दी होते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये नमुना द्या. खत घातल्यावर दोन-तीन महिने नमुना घेऊ नका.

नमुना घेताना

इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून काढा. एकसारख्या दिसणाऱ्या जागेतून असे आठ-दहा खड्डे. सगळी माती स्वच्छ प्लॅस्टिकच्या घमेल्यात एकत्र करा, खडे-मुळं काढा, पसरून चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग टाका, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत चुकूनही भरू नका. फळझाडांसाठी एक, दोन आणि तीन फूट खोलीवरचे तीन वेगळे नमुने लागतात.

बांध, शेणखताचा ढीग, झाडाचं बूड आणि राखेची जागा टाळा. भिंतीजवळचा नमुना हवा असेल तर तो वेगळा द्या, बाकीच्या मातीत मिसळू नका. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: नाव, गाव, गट नंबर, तारीख, आधीचं पीक, पुढचं पीक, पाणी कुठलं. ‘भराव केलेली जागा’ किंवा ‘बांधकामालगत’ हेही लिहा.

ऑनलाइन मिळणारे खुपसायचे स्वस्त मीटर घेऊ नका. कोरड्या मातीत एक आकडा, ओल्या मातीत दुसरा. एक घरगुती परीक्षा मात्र फुकट आणि उपयोगी आहे. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओता. फेस आला तर मातीत चुन्याचा अंश आहे, मग तो सिमेंटचा असो की शिंपल्यांचा. अशा मातीला वरून चुना नको. फेस आला नाही म्हणून माती आम्ल आहे असं मात्र धरू नका. त्यासाठी प्रयोगशाळाच.

माती कोणी बिघडवली, त्यावर खर्च ठरतो

सगळ्यात जास्त पैसे बांधकामात जातात, आणि ते वाचवणं सगळ्यात सोपं आहे. ओल्या सिमेंटचा सामू बारा-तेराच्या आसपास असतो. काँक्रीट कालवलं, यंत्र धुतलं, गिलाव्याचा पडलेला माल तिथेच पसरला, की ती जागा पुढची कित्येक वर्षं अल्कधर्मी राहते. करारनाम्यात तीन ओळी घाला. माल ताडपत्रीवरच कालवायचा. यंत्र एकाच ठरलेल्या जागी धुवायचं. राडारोडा ठेकेदाराने उचलायचा, आवारात गाडायचा नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी दोन-तीन ठिकाणी हातभर खणून बघा.

आणखी एक ओळ, पाया खणण्याआधीची: वरची अर्धा फूट माती वेगळी काढून ताडपत्रीखाली ठेवायची. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट असतात, म्हणजे अर्ध्या फुटाची ही माती साडेपाच ब्रासच्या आसपास भरते. बांधकाम संपल्यावर तुम्ही नेमकी एवढीच माती विकत घेता. मांडव्यापर्यंत रो-रो २०२० मध्ये आणि अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून या पट्ट्यात बंगल्यांची कामं वाढली आहेत आणि ‘बागेची लाल माती’ विकणारेही. ती घ्यावीच लागली तर ब्रासवर घ्या, ‘गाडी’वर नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मातीची उंची फुटांत मोजून गुणाकार करा, शंभराने भागा. उतरवण्याचे आणि पसरण्याचे पैसे दरात आहेत का ते विचारा. पोकळ माती पहिल्या पावसात बसते, ते धरूनच मागवा. गौण खनिजाच्या वाहतूक परवान्याची प्रत मागा. नसेल तर गाडी परत पाठवा, कारण बेकायदा माती उतरवताना महसूल खात्याने पकडली तर प्रश्न तुम्हालाही विचारले जातील. आणि गाडी येण्याआधी विकणाऱ्याच्या ढिगातली अर्धा किलो माती तपासून घ्या.

भिंतीलगत अल्कधर्मी माती आधीच असेल तर गंधक विकणारे भेटतील. हिशेब करा. मातीत एक किलो चुनखडी असेल तर ती संपवायला सव्वातीनशे ग्रॅम गंधक लागतं, आणि राडारोडा गाडलेला असेल तर चुनखडी क्विंटलने असते. त्यापेक्षा जिथे झाड लावायचं तिथे दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, राडा काढा, चांगली माती आणि कंपोस्ट भरा. असे बारा खड्डे एका ब्रासमध्ये भरतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता आहे. फवारणीने तात्पुरता उपाय होतो, कायमचा नाही.

नागाव, आक्षी, रेवदंडा, किहीमकडच्या पुळणीवरच्या वाड्यांत बांधकाम नसलं तरी शिंपल्यांचा चुना असू शकतो. तिथे व्हिनेगरची परीक्षा आधी. चुलीची राखही अशा जागी ओतू नका. राख निम्म्या चुन्याचं काम करते. लाल मातीत तिचा फायदा आहे, राब भाजलेल्या जागी रोपं जोमाने येतात त्यामागे राखेचा वाटा आहेच. पण प्लॅस्टिक मिसळलेल्या कचऱ्याची राख कुठेही घालू नका.

पेण-हमरापूरकडच्या वाचकांसाठी वेगळी सूचना. मूर्तींच्या कारखान्यातली पांढरी पूड ‘चुनाच आहे’ म्हणून कोणी फुकट दिली तर घेऊ नका. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम. त्याने मातीचा सामू वाढत नाही आणि वर रंगांचे अंश मातीत येतात.

आता दुसरी बाजू, खत. नत्राची बहुतेक खतं मातीत आम्ल तयार करतात. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यातल्या नत्राने तयार होणारं आम्ल मारायला सुमारे ३७ किलो चुनखडी लागते, असा शास्त्रीय हिशेब आहे. ५० किलो अमोनियम सल्फेटला सुमारे ५५ किलो. गोणीवर हा खर्च छापलेला नसतो, पण जुन्या वाडीत वीस वर्षं युरिया पडला असेल तर तो आता तुम्हाला भरायचा आहे. माती आम्लधर्मी निघाली तर आधी अमोनियम सल्फेट बंद करा. युरिया अर्ध्यावर आणा, उरलेलं नत्र शेणखत आणि हिरवळीच्या खतातून द्या.

चुना घ्यायचा तर

सामू ५.५ च्या खाली असेल तरच मोठ्या जागेत चुन्याचा विचार करा. प्रमाण प्रयोगशाळेकडून लिहून घ्या. अंदाजासाठी: हेक्टरी एक टन म्हणजे गुंठ्याला दहा किलो. लाल मातीत गुंठ्याला दहा ते वीस किलो हा साधारण पल्ला आहे. तीस-चाळीस किलो सांगणाऱ्याला अहवालाचा आकडा दाखवायला सांगा.

नर्सरीत किलोच्या पाकिटाला शंभर-दीडशे रुपये घेतात. कृषी सेवा केंद्रात ५० किलोची गोणी मागवलीत तर किलोचा दर त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली येऊ शकतो. चार शेजाऱ्यांनी मिळून मागवा. दर किलोवर विचारा, वाहतूक धरून. पिठासारखी बारीक भुकटी घ्या. जाड खडे स्वस्त असतात, पण त्यांचा परिणाम दिसायला वर्षं जातात. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही असतं, पावसाने धुतलेल्या मातीला ते उपयोगी पडतं.

रंगाच्या दुकानातला कळीचा चुना बागेसाठी घेऊ नका. तो पाण्याने उकळतो, डोळ्यांत गेला तर इजा करतो आणि रोपं जाळतो. ताकदीचा हिशेब असा: १०० किलो चुनखडीचं काम ७४ किलो विरवलेला चुना किंवा ५६ किलो कळीचा चुना करतो. चुनखडीचं प्रमाण बघून विरवलेला चुना टाकलात तर मात्रा जास्त होते. हातमोजे घाला, नाकावर फडकं बांधा, वारा नसताना टाका.

लावणीच्या तीन-चार आठवडे आधी, ओलसर मातीत टाका आणि वीतभर खोल मिसळा. त्याच वेळी युरिया किंवा ताजं शेणखत टाकू नका, नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. दोन्हींत दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

भातखाचरासाठी चुना घेण्याआधी मात्र पुन्हा विचार करा. खाचरात पाणी साचून राहिलं की काही आठवड्यांत आम्ल मातीचा सामू आपोआप साडेसहा-सातकडे जातो. पत्रिकेवरचा आकडा कोरड्या मातीचा असतो. भातानंतर वाल किंवा पांढरा कांदा घेणार असाल तर तो आकडा कामाचा, कारण तेव्हा पाणी उतरलेलं असतं.

खारजमीन आणि भराव

खाडीलगत सामूपेक्षा विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप, आधी बघा. एकाच्या खाली ठीक, दोनच्या वर गेली तर पिकाला त्रास. खारजमिनीचा सामू बऱ्याचदा सात-आठ असतो. तिथे चुना टाकणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. जिप्सम सोडियम जास्त असलेल्या जमिनीलाच लागू पडतं, आणि तेही गोड्या पाण्याचा निचरा झाला तरच. पैसे बांध आणि उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या, दुरुस्तीवर घाला. पावसाळ्यात गोडं पाणी अडवून सोडा. पनवेल केंद्राच्या पनवेल १, २, ३ या खारट जमिनीत टिकणाऱ्या भातजातींची चौकशी करा. बोअरचं पाणी बागेला घालत असाल तर तेही तपासा. किनाऱ्याजवळ उन्हाळ्यात ते खारट होऊ शकतं.

स्वस्त भराव म्हणून खाडीचा काळा-निळा चिखल कोणी देत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्यात गंधकाची संयुगं असतात. पाण्याखाली ती निरुपद्रवी असतात. उघड्यावर सुकली की हवेशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होतं आणि सामू चारच्याही खाली जाऊ शकतो. ओला असताना तपासला तर अहवाल चांगला येईल, फसाल. असा चिखल आधीच पडला असेल तर एक नमुना ताजा आणि दुसरा महिनाभर हवेत वाळवून द्या. शिवाय कांदळवनाच्या जागेतून माती काढणं आणि तिथे भराव टाकणं या दोन्ही गोष्टी बेकायदा आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा आदेश स्पष्ट आहे, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो. प्लॉट घेताना भराव कुठून आला हे लेखी मागा.

धाटाव, महाड, तळोजा किंवा पाताळगंगा या औद्योगिक पट्ट्यांजवळ जमीन असेल आणि एखाद्या सकाळी बांधावरचं गवत एकदम करपलेलं, माती रंगलेली किंवा उग्र वासाची दिसली, तर स्वतः चुना टाकून झाकू नका. फोटो काढा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडून पंचनामा करून घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीला शुल्क नाही. पोच घ्यायला विसरू नका. जड धातूंची तपासणी हजारोंत जाते. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करा आणि नमुना पंचांसमोर सीलबंद करा, नाहीतर पुढे तो अहवाल कोणी धरणार नाही.

चुना टाकल्यानंतर लगेच पुन्हा तपासू नका. एक पावसाळा जाऊ द्या. त्यानंतर दर तीन वर्षांनी, त्याच जागेतून, त्याच महिन्यात नमुना द्या. जुना अहवाल सातबाऱ्याच्या फाइलमध्येच ठेवा आणि नमुना देताना त्याची झेरॉक्स सोबत न्या.